पुलानं काय घेतलं

आई, "पूल होईपतूर ह्यांला बरं वाटतंय असं कुणाला म्हंजे कुणाला सांगायचं न्हाई," असं तू मला एकदा म्हणाली होतीस. स्टोव्हपुढे बसून भाकरी थापत होतीस आणि माझ्याकडे न बघताच बोललीस. मी सहावीत होते. बाकीच्या घरांत आजार लपवतात, आपल्या घरात बरं होणं लपवायचं, हे मला उलटं वाटलं, पण तुला परत विचारायची हिंमत झाली नाही. तव्यावरची भाकरी तू उलटलीस, कडेनं दाबलीस, आणि तो विषय तिथंच संपला. गेले काही महिने मला रोज संध्याकाळी ते वाक्य आठवतं. का आठवतं ते शेवटी सांगते. आधी मला तो सगळा उन्हाळा तुला परत सांगायचा आहे, जणू तू तिथं नव्हतीसच. दमलेल्या माणसाला माहीत असलेली गोष्टच सांगायला बरी वाटते.

धरण झाल्यावर सिंदफणा नदीचं पाणी मागं पसरलं आणि आपल्या गावाजवळच्या ओढ्याची जणू खाडीच झाली. पुनर्वसनाची नवी घरं आणि शाळा अलीकडं, जुन्या घरांपैकी वाचलेली पलीकडं. पलीकडची पोरं टायरच्या ट्यूबवर बसून शाळेत यायची, नाहीतर यायचीच नाहीत. तळाशी गाळ इतका की पाण्यात मधे खांब उभे करणं परवडणारं नव्हतं. म्हणून खात्यानं पायी जाण्यापुरता झुलता पूल मंजूर केला आणि खात्यात इंजिनिअर असलेल्या आपल्या अण्णांच्या गळ्यात घातला. दुसरा कुणी साहेब असता तर कपाळाला हात लावला असता. अण्णा मात्र त्या दिवशी पेढे घेऊन आले. कारण झुलता पूल म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढे न्यूयॉर्कचा तो मोठा पूल यायचा, ज्याची गोष्ट ते आपल्याला जेवताना हप्त्याहप्त्यानं सांगत. आपल्या क्वार्टरमध्ये टीव्ही उशिरा आला, लोकांकडे रंगीत आला तेव्हा आपल्याकडे काळा-पांढराही नव्हता. आपल्याकडे पूल होता.

मला ते स्वयंपाकघर अजून दिसतं. अण्णा पाटावरून उठतात, तुझ्या पाण्याच्या बादलीत पितळी पेला पालथा बुडवतात, पेल्याच्या बुडाशी कोंबलेला कागद कोरडाच बाहेर काढून दाखवतात. "अशी मोठमोठी लाकडी खोकी त्यांनी नदीच्या तळाशी पालथी बसवली. वरून हवा दाबून भरली. आत माणसं, दिव्याच्या उजेडात गाळ उपसतायत, आणि डोक्यावर सगळी नदी." तू म्हणतेस, "प्यायच्या पाण्यात हात घातलाव का पुन्हा?" ते ऐकत नाहीत. ज्यानं तो पूल कागदावर काढला त्याचा पाय धक्क्यावर नावेखाली चिरडला आणि तो धनुर्वातानं गेला, तेव्हा अजून एक दगडही बसला नव्हता. मग त्याच्या मुलानं काम हातात घेतलं. तोही त्या खोक्यांतून वरखाली करून आजारी पडला. दाबातून झटकन वर आलं की अंगातली हवा रक्तात बुडबुडे धरते, हे तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं. तो अंथरुणाला खिळला तो खिळलाच, आणि पुढं वर्षानुवर्षं खिडकीत बसून दुर्बिणीतून पूल बघत राहिला. रोज कामावर निरोप घेऊन जायची ती त्याची बायको. गणित शिकली, तारांचं शास्त्र शिकली, साहेबलोकांशी बोलली. पूल झाला तेव्हा त्यावरून पहिली गाडी तिची गेली, मांडीवर जिवंत कोंबडा घेऊन. तू नेहमी इथंच थांबवायचीस. "कोंबडा कावून?" अण्णा म्हणत, "जिंकल्याची खूण असते त्यांच्यात." तू म्हणायचीस, "आणि मग काय केलं त्याचं?" ते अण्णांना माहीत नव्हतं. दर वेळी तू विचारायचीस, दर वेळी त्यांना माहीत नसायचं.

काम सुरू झालं आणि दोन्ही काठांवर खांबांचे चौथरे उठले, तशी बोलवा उठली की पुलाला माणूस लागतं. आपल्याकडे कुठलाही पूल निघाला की हे निघतंच. एक काळी जीप फिरते, पोरं उचलते, पायात गाडते. कुणी जीप पाहिली नव्हती, पण पलीकडच्या पोरांचं शाळेत येणं बंद झालं. साखर कारखान्यांचा हंगाम संपवून परत आलेली ऊसतोडीची माणसं कामावर होती. त्यांनी लेकरं आजोळी धाडली, मग स्वतःही एकेक करून येईनाशी झाली. अण्णा झाडाखाली उभे राहून समजावत, "अरे, सिमेंट आणि तार लागते पुलाला. माणूस कशाला लागतंय?" लोक माना डोलवायचे आणि दुसऱ्या दिवशी यायचे नाहीत. आणि मग त्या सकाळी दाढी करताना अण्णांच्या हातातून वस्तरा पडला. ते उचलायला वाकले आणि वाकलेलेच राहिले. उजवी बाजू गेली, तोंड वाकडं झालं, वाचा बंद. बीडच्या दवाखान्यातून आपण त्यांना घरी आणलं तेव्हा साइटवरचा मिस्त्री भेटायला आला. दारात टोपी काढून उभा राहिला, डोळे खरोखर भरलेले. म्हणाला, "लई वाईट झालं वैनीसाब. देवमाणूस." मग जरा थांबून, खाली बघत, "पर आता काम चालंल. माणसं यायलीत."

पुलानं साहेबाला घेतलं होतं. लोकांच्या हिशोबी देणं फिटलं होतं, लेकरं सुटली होती. दुसऱ्या दिवसापासून साइट माणसांनी भरली. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, हे तुला तेव्हाच कळलं, मला कळायला फार वर्षं लागली. त्यांच्या बायका घरी येऊन तुझ्याजवळ रडत, दूध ठेवून जात, आणि जाताना निर्धास्त मनानं पोरांना शाळेत सोडून जात. खात्यानं दुसरा माणूस नेमायचा कागद काढला होता, पण आपल्या आडगावी यायला कुणी तयार नव्हतं. तशात हवाच अशी होती की जो तो म्हणायचा, आता सरकारी कामं संपली, सगळं ठेक्यावर जाणार, अर्धवट आहे ते अर्धवटच राहणार. अण्णा डाव्या हातानं पाटीवर रेघा ओढून तुला काहीबाही सांगायचे. एका सकाळी तू डबा घेतलास, छत्री घेतलीस आणि उतारावरून खाली गेलीस. तू सातवी शिकलेली. साइटवर पोचायच्या आधीच कुणीतरी म्हणालं, "आली बघ इंजिनेरीन!" तू म्हणालीस, "आली. आन् तुझी सावलीत बसायची येळ सरली. ऊठ."

पावसाळ्याआधी दोर चढायला हवे होते. आणि मधेच, चैत्र सरता सरता, अण्णा बरे होऊ लागले. आधी "पा" म्हणाले, मग "पाणी", मग एका दुपारी स्वच्छ म्हणाले, "दोराला झोळ किती ठेवतायत विचार." तू पदर तोंडाला लावून रडलीस. मला वाटलं आता तू सगळ्या गल्लीला साखर वाटशील. तू उठलीस, दाराला कडी घातलीस, आणि संध्याकाळी भाकऱ्या करताना मला ते वाक्य सांगितलंस.

अण्णा फार चिडले होते. जीभ अजून जड होती, पण राग स्पष्ट होता. "माझ्या आजारावर पूल बांधायचा? मी काय बोकड आहे? उद्या उठून जातो साइटवर, बघू दे सगळ्यांना." तू शांतपणे म्हणालीस, "जा. तुमी चालत दिसलाव की पुलाला पुन्हा भूक लागंल. परवा एक माणूस हाती लागायचा न्हाई." ते म्हणाले, "हा अडाणीपणा आहे." तू म्हणालीस, "हाय की. पर दोर त्याच अडाण्यांनी वढायचा हाय. आन् तुमच्या त्या गोष्टीतला सायब बसला की खिडकीत गप. तुमाला काय झालं बसायला?" अण्णांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. मला त्यांच्या पाठीवरून दिसलं की ते हसतायत.

मग तो आपल्या तिघांचा खेळच झाला. धाकटा भाऊ तेव्हा मावशीकडे होता, बरं झालं, तो बोलला असता. मिस्त्रीची चाहूल लागली की अण्णा चटकन गोधडीत शिरायचे आणि कण्हायचे. ते फार वाईट कण्हत. मिस्त्री गेला की विचारायचे, "जास्त झालं का?" मला वाटेत लोक विचारत, "साहेब कसे हायत गं पोरी?" मी म्हणायची, "तसेच हायत." त्या दोन शब्दांची मला सवय झाली. आपलं क्वार्टर टेकाडावर होतं, खिडकीतून खालचं पाणी आणि दोन्ही खांब दिसायचे. अण्णांनी जमिनीची पातळी बघायची दुर्बीण तिपायीवर खिडकीत मांडून घेतली. ती जुनी होती, तिच्यातून सगळं उलटं दिसायचं. सुट्टीच्या दिवशी मी डोळा लावायची. आभाळ खाली, पाणी वर. पहिला दोर चढला तेव्हा खाली लोंबणारा तो दोर मला कमानीसारखा वर फुगलेला दिसला, आणि त्या कमानीशेजारी तू, छत्री खाली आणि पाय वर, कुणाला तरी हातवारे करून रागवत असलेली. इतकी लहान, की माझ्या करंगळीच्या नखानं झाकली गेली असतीस. आईला असं लांबून काम करताना फार कमी पोरींनी पाहिलं असेल. जवळून तू मला कायम घाईत आणि करवादलेली दिसायचीस. लांबून तू कशाला तरी लागणारी बाई दिसलीस.

एका दुपारी अण्णांनी दुर्बिणीला डोळा लावला आणि डाव्या मुठीनं खिडकीची चौकट बडवायला लागले. तू नुकतीच उन्हातून आली होतीस, पायसुद्धा धुतले नव्हतेस. "ताणलाय! गाढवांनी ताणलाय दोर!" काठावरच्या रिकामटेकड्यांनी चेष्टा केली होती की हा कसला पूल, म्हशीच्या कासऱ्यागत लोंबतोय, आणि मिस्त्रीनं इज्जतीसाठी दोर ताठ करून घेतला होता. अण्णांचा जीव वरखाली झाला. दोर जितका सरळ तितका त्याच्यावर ताण जास्त, झोळ ठेवला तरच तो ओझं पेलतो, हे ते तुला पुन्हा समजावायला लागले. तू म्हणालीस, "कळलं. ओल्या लुगड्याची दोरी, ताठ बांधली की तुटती," आणि चप्पल घालून परत निघालीस. मी तुझ्या मागं पळत आले. मिस्त्री तुला बघून कानकोंडा झाला. "ढिला दिसतुया वैनीसाब, लोक हासत्यात." तू म्हणालीस, "हसू द्या दादा. ताठ दोर तुटला मंग रडत्याल." तो म्हणाला, "पर सायबाला घरात पडून कसं कळलं वो ताणलाय ते?" तू छत्री मिटलीस. "सायबाला कुठं काय कळतंय आता? मला डोळे न्हाईत का? सोडा दोर." सगळा दोर पुन्हा सैल करायला संध्याकाळ झाली. येताना चढावर तू मधेच थांबलीस, एका दगडावर बसलीस, आणि म्हणालीस, "लई थकले गं." एवढंच. तुला कुणी कधी विचारलं नाही आई, "तुमी कशा हायत?" सगळे साहेबांचंच विचारायचे. मीसुद्धा.

पूल पावसाच्या तोंडावर झाला. फीत कापायला कुणी पुढारी यायचे होते, ते आले नाहीत. मिस्त्री म्हणाला, आपणच नारळ फोडू, कोंबडं देऊ, आणि चालू करू. त्या सकाळी अण्णांनी इस्त्रीची पँट मागितली. तुला वाटलं, पूल झाला, आता लपवायचं कशाला. तिथं तू चुकलीस. काठी टेकत, माझ्या खांद्यावर हात ठेवून अण्णा उतारावरून आले, तशी गर्दीतून आधी "सायब! सायब चालतायत!" असा आनंद उठला, आणि मग तो आनंद एकदम विझला. मी ते बघितलंय. माणसं एकमेकांकडे, मग पुलाकडे बघायला लागली. बायांनी पोरांची मनगटं धरली. टोकाच्या घरची म्हातारी, जिचे दोन नातू पलीकडून शाळेत यायचे, ती मोठ्यानं म्हणाली, "सायब तर धडधाकट हाय. मंग पुलानं घेतलं काय?"

कुणी पाय टाकेना. अण्णांचा चेहरा मला अजून दिसतो. त्यांना बोलायचं होतं, सिमेंट आणि तार म्हणायचं होतं, पण घाबरल्यावर त्यांची जीभ पुन्हा जड झाली. मग ते तुझ्या कानाशी कसंबसं म्हणाले, "तिकडं लोक भ्याले तेव्हा पुलावरून हत्ती चालवले होते." तू म्हणालीस, "हत्ती कुठून आणू आता?" आणि मग तुझी नजर मिस्त्रीच्या काखेतल्या कोंबड्यावर गेली. आपल्या घरात अंडंही येत नव्हतं. तू त्याच्याकडून तो कोंबडा घेतलास, पदरात गुंडाळलास, आणि पुलावर चढलीस. फळ्यांवर तुझा पाय पडला तसा पूल हलला, बायांनी "अगं बाई!" केलं. तू चालत राहिलीस. मधल्या झोळापर्यंत उतरलीस, मग चढून पलीकडं गेलीस, कोंबडा खाली सोडलास. तो अंग झाडून एका बाभळीखाली गेला आणि माती उकरायला लागला. तू तशीच माघारी आलीस, त्या म्हातारीपुढं उभी राहिलीस आणि म्हणालीस, "काय घेतलं म्हून मला इच्यार की, आत्या. माझा अख्खा उन्हाळा घेतला ह्यानं. पुरं न्हाई व्हय तेवढं?" म्हातारी तुझ्याकडे बघत राहिली. तुझे फुटलेले पाय, रापलेलं तोंड, गळ्याजवळ सैल झालेलं झंपर. मग ती म्हणाली, "पुरं बाई. लई झालं." आणि नातवाचा हात धरून पुलावर चढली. तिच्या मागं बाकीचे. रात्री जेवताना तू अण्णांना म्हणालीस, "आता कळलं का त्या कोंबड्याचं काय केलं आसंल ते?"

मी बारावीत असताना तू काविळीनं गेलीस. अण्णा मात्र राहिले, बघ. पुलानं न घेतलेला माणूस फार टिकला. आता बीडला माझ्याजवळ असतात. मागच्या वर्षी दुसरा झटका आला, त्यानंतर उठणं नाही. मी नोकरी सोडली, हे लिहिणंही पहाटे, जमेल तेवढं. धाकटा पुण्याहून रोज फोन करतो, "कसे आहेत?" मी म्हणते, "तसेच आहेत." अण्णा सांगायचे, त्या मोठ्या पुलाचा दोर म्हणजे हजारो बारीक तारा, एक तुटली तर बाकीच्या तिचं ओझं वाटून घेतात. मला कधीकधी धाकट्याला हे सांगावंसं वाटतं. सांगत नाही. माझ्यात झोळ उरलेला नाही, बोलले तर ताणूनच बोलेन. आपल्या पुलाशेजारी मोठा सिमेंटचा पूल झालाय. आपल्या जुन्या पुलावर काटेरी फांदी आडवी टाकली आहे, फळ्या गेल्या, दोर आहेत.

आता ते वाक्य. रोज दिवेलागणीला अण्णा खिडकीकडे बघतात, तिथून फक्त समोरचं औषधाचं दुकान दिसतं, आणि विचारतात, "तुझी आई आली का साइटवरून?" पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी खरं सांगायचं ठरवून म्हणाले, "अण्णा, पूल होऊन खूप वर्षं झाली." ते आधी खूश झाले. "झाला? झोळ ठेवला?" मग त्यांनी दाराकडे पाहिलं. "मग ती कुठाय?" पूल झाला असेल तर तू घरी यायला हवी होतीस. त्यांचा हिशोब बरोबर होता. त्या दिवशी ते जेवले नाहीत, दुसऱ्या दिवशीही नाहीत. तिसऱ्या दिवशी विसरले आणि पुन्हा विचारलं, आणि मी म्हणाले, "येतेय. शेवटचा दोर राहिलाय." तेव्हापासून तो दोर राहिलाच आहे. तू त्यांचं बरं होणं लपवलंस पूल व्हावा म्हणून. मी पूल झालेला लपवते, ते राहावेत म्हणून. आणि खरं सांगू का, कधी नजर अंधूक झाली की ते मलाच विचारतात, "काय म्हणाला मिस्त्री?" आणि मी "अण्णा, मी आहे" असं म्हणत नाही. मी पदर सारखा करते आणि तुझ्या आवाजात सांगते, "काय म्हनायचंय, ताणत हुता दोर, सोडाया लावला." ते समाधानानं डोळे मिटतात.

पण हा उन्हाळा माझ्याकडून सरत नाहीये, आई. दोर रोज चढवायचा आणि रोज उतरवायचा. पूल झाला म्हणून मी त्यांना सांगू शकत नाही, कारण त्यानंतर "मग ती कुठाय?" हा प्रश्न येतो. त्याचं उत्तर फक्त तू आहेस. हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकायचं नाही, गादीखाली राहील. तुला कुणी कुठं बोलावलं की तू म्हणायचीस, "मला काम हाय," आणि आत्ताही तेच म्हणशील, हे धरूनच विचारते. एक संध्याकाळ ये. छत्री दाराशी ठेव, पाय धू, त्यांच्याजवळ बस, आणि पूल झाला हे त्यांना तूच सांग.